थुलथुल आन् माझी दस्ती

...न्हाई न्हाई, तुमी आधी मला एक सांगा, जनावर म्हणल्यावर त्याला काही तरी पायजे का न्हाई? शिंग पायजे, दात पायजे, न्हाई तर निदान माशी हाकलायला शेपटी तरी पायजे! ह्याला काहीच न्हाई! गोल. निळं. ओलं. कणकीचा गोळा परातीत ठेवून इसरल्यावर पसरतो ना, तसं पसरलेलं, वर दोन डोळे, ते बी अर्धे मिटलेले, जसं काय आत्ताच जेवून उठलंय! आता ह्याला काय जनावर म्हणायचं का, तुमीच सांगा!

तुमाला सांगतो, मोबाईलवर ह्यो गेम हाय, राक्षसरिंगण, आमच्या मानवतमधी चहाच्या टपरीवर बसलं तरी दुसरा विषय न्हाई. आपला एक राक्षस पाळायचा, वाढवायचा आन् समोरच्याच्या राक्षसाला भिडवायचा. माझा कोणता? भडकासूर! तोंडातून जाळ, डोक्यावर शिंग, हातात ढाल, थकला की घटकाभर आराम करतो आन् पुन्हा ताजा. चार बटनं, चार कामं, मामला खतम! बघितल्याबरोबर समोरच्याची गाळण उडाली पायजे, त्याला राक्षस म्हणतात. आन् हे थुलथुल... खरं नाव इंग्रजीत लय लांबडं हाय, कोणालाच म्हणता येईना म्हणून आमी थुलथुल म्हणतो... ह्याला मारताच येत न्हाई! ऐकलं का? मारामारीचा गेम, आन् ह्याला मारता येत न्हाई! दोनच बटनं. एक 'गिळ', एक 'ओक'. तुमी मारलं की ते गिळतंय, पोटात ठेवतंय, आन् ओकलं की तुमचाच मार तुमच्याच अंगावर, दुप्पट! न्हाईच मारलं तर? बसून राहतंय! सरकारी पाव्हण्यावानी! फक्त एक हाय, ते ओकायच्या टायमाला तुमी ढाल धरली की सगळं ओकलेलं वाया, आन् वरून धापा टाकत बसतंय, मग खुशाल जाळा. येवढं सोपं. अशा जनावराला कोण घेतंय? ज्याला खेळता येत न्हाई ते!

मला इचारा ना, मी महारुद्र, मोंढ्याच्या रस्त्याला माझं मोबाईलच्या कव्हरचं दुकान, आपल्या भागात राक्षसरिंगण म्हणलं की महारुद्रभाऊ. कामून? हुशारी! आपल्याकडं समोरासमोर बसून खेळतात, मधी टेबल, फोन टेबलावर, दोघांनी आपापलं बटन दाबायचं, मग टीव्हीवर दिसतं कोण कोणाला काय करायलंय. आता बाकीचे लोक काय करतात? टीव्हीकडं बघतात! येडे! मी बघतो अंगठ्याकडं. समोरच्याचा अंगठा वर चालला, म्हणजे मारतोय, खाली चालला, म्हणजे ढाल. त्याचं बटन दाबायच्या आधी माझं डोकं चालतंय. ह्याला काही लोक चोरी म्हणतात. चोरी काय त्यात? डोळे देवानं दिलेत, मी उघडे ठेवले!

तर मुद्दा काय, संभाजीनगरला मोठे सामने, सगळ्या मराठवाड्याचे, आन् आपल्या भागातून एकच माणूस जाणार. एकच! आता तुमीच सांगा, कोण जाणार? माझी बॅग भरून तयार. मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला, येवढा मोठा, 'मराठवाड्याची शान महारुद्रभाऊ यांना संभाजीनगर येथील स्पर्धेसाठी हार्दिक शुभेच्छा', फोटोत मी पांढऱ्या शर्टावर, गळ्यात चौकटीची दस्ती, म्हणजे आपला रुमाल हो, हात जोडून हसायलोय, खाली शुभेच्छुकांचे छोटे-छोटे फोटो. मी त्यांना म्हणलं, अरे सामना तर होऊ द्या... न्हाई, खोटं कशाला बोलू, मीच म्हणलं, लावा. हितला शेवटचा सामना, जितंल ते संभाजीनगरला; पण सामना म्हणजे काय, नुसतं जाऊन बसायचं होतं. समोर कोण? सोनपेठची पोरगी, राजेश्री. तिचं जनावर कोणतं? थुलथुल! मी दुकानात बसून इतका हसलो, गिऱ्हाईक म्हणलं, भाऊ, बरं हाय ना?

सामना हरिओमच्या टीव्हीच्या दुकानात. हरिओम पंच, बटन दाबा म्हणणारा तोच आन् गर्दी हाकलणारा तोच. पोरगी आली, संगं वडील, व्यंकटराव. हे व्यंकटराव बैलाचे दलाल, उभी हयात बैलबाजारात गेली, बैलाचं तोंड उघडून दात बघणारा माणूस, ह्याला मोबाईल कोणीकडून धरायचा ते म्हाईत न्हाई! आले, भिंतीला टेकून बसले, तंबाखू मळायला सुरुवात. मी म्हणलं, "काय व्यंकटराव, लेकीला कोणतं जनावर दिलंत? दुसरं न्हाई का घावलं?" तर तळहातावर दोन थापा मारून म्हणतात कसे, "गरीब जनावर हाय बाबा. बांधलं तिथं बसतंय." बघा! म्हणजे मालकालाच म्हाईत! आता ह्याला काय जनावर म्हणायचं का, तुमीच सांगा!

बसलो समोरासमोर. पोरगी गरीब, मान खाली. म्हणली, "भाऊ, एक इचारू का?" मी म्हणलं, इचार की. "तुमची दस्ती देता का जरा? हाताला घाम यायलाय." आता मी काय तसला माणूस हाय का? मी मोठ्या मनानं गळ्यातली दस्ती काढली, झटकली, दिली. लोक म्हणले, वा भाऊ, दिलदार! मी म्हणलं, घे बाई, पूस, घाबरू नको.

पुसली न्हाई हो!

तिनं दस्ती उलगडली, आपल्या फोनवर पसरली आन् हात घातला आत! मी म्हणलं, हे काय? तर वडलांकडं बोट करून म्हणली, "बाजारात आमचे दादा असाच भाव करतात." आता तुमाला म्हाईतच हाय, बैलबाजारात दलाल आन् गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून दाबून भाव ठरवतात, बघणाऱ्याला कळायला नको म्हणून. पण ते बैलाचं! हितं गेम चाललाय! माझ्या डोळ्यासमोरून तिचा अंगठा गायब! मी उठलोच, "हरिओम, हे चालणार न्हाई, नियमात हाय का दस्ती?" हरिओमनं डोकं खाजवलं. म्हणला, "भाऊ, दस्ती घ्यायची असं बी लिहिलेलं न्हाई, घ्यायची न्हाई असं बी न्हाई. आन् तुमाला खेळायचंय का तिचा हात बघायचाय?" हसायलेत सगळे! मागून एक जण वरडला, "भाऊचा अंगठ्याचा धंदा बसला!" इज्जतीचा पार चिवडा केला की हो...

तर मी काय केलं, मला आला राग. मी म्हणलं, थांबा! ही माझा अंगठा बघणार आन् मी हिचा बघायचा न्हाई, हा कुठला इन्साफ? बाजाराचा नियम लावायचा तर पुरा लावा, रुमालाखाली एकाचाच हात असतो का? माझा बी फोन आत, माझा बी हात आत! दस्ती कोणाची हाय? माझी हाय! पोरगीनं दस्ती सरकवून अर्धी माझ्या फोनवर घातली. म्हणली, "घाला की भाऊ. तुमचीच हाय."

आन् व्यंकटराव, तुमाला सांगतो, ते तिकडं भिंतीला टेकलेले, त्यांनी मळायचं थांबवलं आन् पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. कसं बघितलं? बैलाकडं बघतात तसं.

सुरू झालं. टीव्हीवर माझा भडकासूर, जाळ, धूर, गर्जना! समोर ते पसरलेलं. मी पहिलाच जाळ टाकला. थुलथुलनं गिळला. गिळू दे! आता हे ओकणार, आपण ढाल धरायची, मग धापा टाकतंय का न्हाई बघा. मी दस्तीखाली अंगठा सरकवला, ढालीवर दाबला... टीव्हीवर बघतो तर भडकासूर आराम करायलाय! आडवा झालाय! अरे ऊठ! तेवढ्यात थुलथुल ओकलं, माझाच जाळ, दुप्पट, झोपलेल्याच्या अंगावर!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काच हो ती! गुळगुळीत! दस्तीखाली चाचपडून कळतंय का कुठं शिंग आन् कुठं ढाल? माझी चार बटनं, दाटीवाटीनं, एकाला एक चिकटलेली. आन् तिची? दोन! अर्धा फोन गिळ, अर्धा फोन ओक! डोळे बांधून दिली तरी चुकायची न्हाईत! शेकड्यानं राक्षस हायेत त्या गेमात, त्यातलं रुमालाखाली खेळता येणारं एकच जनावर, आन् ते ही पोरगी सोनपेठहून निवडून आणते, वरून दस्ती माझीच मागते, आन् मी... मी हट्ट करून माझा हात आत घालतो!

मग मी ठरवलं, मारायचंच न्हाई. गप बसू, तिला बी बसू दे, गिळायला काहीच न्हाई तर ओकणार काय? आरामच करत राहू, अंग भरून काढू. लोक बी म्हणायलेत, "भाऊ, मारू नका! भाऊ, दम धरा!" पण टीव्हीवर ते थुलथुल माझ्याकडं बघायलंय हो... अर्ध्या डोळ्यानं! काही करीना! हलंना! पोरगी मान खाली घालून बसलेली, ती बी हलंना! आन् तिकडं व्यंकटरावांनी एक जांभई दिली. येवढी मोठी! माझ्या सामन्यात जांभई! मी म्हणलं, तुज्या मायला ह्या जनावराच्या... आन् दाबलं, काय दाबलं मला म्हाईत न्हाई, पण जोरात दाबलं. शिंग लागलं. पुरं शिंग, मुळापर्यंत. थुलथुलनं गिळलं. मी घाईघाईनं ढाल शोधतोय, हितं हाय का, तितं हाय का, दस्ती गोळा झाली, अंगठा तिच्या अंगठ्याला धडकला, ती म्हणली, "भाऊ, हा माझा फोन." आन् तिच्या फोनवर तिनं 'ओक' दाबलं.

भडकासूर उताणा. हात-पाय वर.

हरिओमनं तिचा हात वर केला. लोक नाचायलेत, ज्यांनी माझा फ्लेक्स लावला तेच पुढं! व्यंकटराव उठले, धोतर झटकलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, "बाबा, तुझं जनावर लय चांगलं हाय. नुसतं कोणी डिवचलं की शिंग मारतंय, तेवढं बघ." जनावर म्हणले हो, जनावरच म्हणले, पण बघायलेत माझ्याकडं!

म्हणजे बघा, मारलं मी, राबला माझा भडकासूर, घाम माझा, आन् जितलं कोण? जे जागचं हललं न्हाई ते! मला वाईट वाटलं का? वाटलं. भरलेली बॅग उघडताना लय वाईट वाटलं. जायचं होतं हो मला, खरंच जायचं होतं. पण म्हणून मी त्याला चांगलं म्हणू? मरंस्तवर म्हणणार न्हाई! गिळतंय आन् ओकतंय, ह्याला काय जनावर म्हणायचं का, तुमीच सांगा!

ती गेली मग संभाजीनगरला. मानवतच्या स्टँडवर यष्टीत बसवायला सगळं गाव, मी बी गेलो, लोक नावं ठेवतील म्हणून. खिडकीतून म्हणली, "भाऊ, दस्ती ऱ्हाऊ द्या ना माझ्याकडं, लय लकी हाय." आता येवढ्या लोकात न्हाई म्हणता येतंय का? ऱ्हाऊ दे म्हणलं.

तर राजेश्री गेली, थुलथुल गेलं, माझी दस्ती बी गेली. आन् मी? मी हाय की हितंच. फ्लेक्स काढायला कोणाला येळ न्हाई, तवा चौकात या कवा बी... गळ्यात दस्ती घालून, हात जोडून, हसायलोय.