जयसिंगरावांच्या तसबिरीवरचे अवगुंठन

नाही मल्हारराव, तो शब्द आधी खोडा — ‘पडदा’ नव्हे, ‘अवगुंठन’. पडदा नाटकाला असतो, न्हाणीघराला असतो; अवगुंठन म्हणजे मुखावर ओढून घेतलेला पदर — माणूस आहे तिथेच असतो, त्याचा मान आहे तसाच असतो, केवळ त्याचा चेहरा काही काळ कुणाला दिसत नाही. वाचनालयाच्या नियमावलीत सत्तावन्न साली हा शब्द मी घातला. कलम अकरा, पाठ आहे मला — ‘ज्या देणगीदाराने निवडणुकीस उमेदवारी दाखल केली असेल, त्याची तसबीर व कपाटांवरील नाव ही निकाल लागेपर्यंत अवगुंठित ठेवावीत.’ वाचनालय सार्वजनिक आहे. तिथे येणारा मतदार म्हणून येत नाही, वाचक म्हणून येतो — हे आपल्या चामराजपेठेत प्रथम कुणी म्हटलं? मी म्हटलं. आणि तुम्ही सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काय लिहून आणलंत? ‘नागनाथअण्णांची पडदापद्धती.’ शिवाय वाचनकक्षालाही त्याचंच नाव देणार म्हणता.

बसा, बसा. मी रागावलो नाही. गेल्या पौषात गेलेल्या माणसावर कोण रागावतं — पण वीस वर्षं मी ग्रंथपाल होतो आणि तो माझा सहायक, एवढं तरी ध्यानात घ्या. नऊ हजार ग्रंथांची सूची माझ्या हस्ताक्षरात आहे, एका ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवा. दाखवणार नाही, कारण ती सूची कुणी उघडतच नाही. यायचे, मी समोर बसलेला असायचो, आणि मलाच विचारायचे — ‘अण्णा नाहीत का?’ मग तो येणार, ‘स्वल्प थांबा अक्का’ म्हणणार — तो स्वल्प शब्द चांगला आहे, शुद्ध संस्कृत, कानडीने जपला आणि आपण टाकला — आणि पाठीमागच्या फळीवरून नेमकं हवं ते पुस्तक काढून देणार. सूची न पाहता. ही काय पद्धत झाली? आमच्या सौभाग्यवती सुद्धा — कृष्णवेणी, तुम्ही आत ऐकताय ते ठाऊक आहे मला — पुस्तक बदलायचं असलं की विचारायच्या, ‘आज नागनाथअण्णा आहेत ना?’ मी त्याच वाचनालयात जायला निघालेलो, पायांत वहाणा.

त्या कापडाचं म्हणता? हो, ते त्याने आणलं. बासष्टला चिकपेठेतले जयसिंगराव विधानसभेला उभे राहिले, अपक्ष. आपली बारा सागवानी कपाटं त्यांचीच देणगी, म्हणून वर्तमानपत्रांच्या मेजामागे भिंतीवर त्यांची ती मोठी तसबीर. कलम अकरा प्रथमच लागू झालं, आणि कार्यकारिणी दोन तास कापडाच्या रंगावर अडली — भगवा नको, तांबडा नको, हिरवा नको, पांढरी खादी तर नकोच, जो रंग काढावा तो कुणाच्या तरी झेंड्यात. तेव्हा या गृहस्थाने घरची जुनी चादर कॉफीच्या चोथ्यात उकळून आणली, चारी कोपऱ्यांना नाड्या लावल्या आणि म्हणाला, ‘कॉफी सगळ्याच पक्षांचे लोक पितात.’ हसले सगळे. टाळ्या वाजवल्या. नियम माझा, शब्द माझा — आणि टाळ्या चादरीला.

आता त्या दिवसाचं. मतदानाला चार दिवस होते. दुपारी बारा ते चार वाचनालय बंद असतं; मी आत सूची लिहीत होतो. दारावर थाप पडली. जयसिंगराव, सोबत एक छायाचित्रकार. आपल्या तसबिरीखाली वाचकाला ग्रंथ देताना एक छायाचित्र हवं होतं, पत्रकावर छापायला. मी नियम सांगितला. सांगितला, मल्हारराव, शब्दशः सांगितला. तेव्हा ते म्हणाले — अगदी हळू — ‘वासुदेवराव, बाहेर सगळे अण्णा-अण्णा करतात, पण हे वाचनालय कुणाच्या लेखणीवर उभं आहे ते मी ओळखून आहे.’ वीस वर्षांत हे वाक्य मला एकच माणूस बोलला. — हे लिहू नका. पुढचं लिहा. कापडाच्या नाड्या सुटल्या — सोडल्या गेल्या — जयसिंगराव मेजापाशी उभे राहिले, हातात ग्रंथ, समोर वाचक म्हणून… कुणीतरी होतं. तेवढ्यात नागनाथ आला, चाराच्या आधीच, त्याची सवयच ती. ओरडला नाही. कोपऱ्यातलं स्टूल उचललं, कॅमेऱ्याच्या आणि त्यांच्या मधोमध ठेवलं, त्यावर बसला आणि वर्तमानपत्र दोन्ही हातांनी पूर्ण उघडून वाचू लागला. ‘आपण चारला या साहेब, तेव्हा सगळेच वाचायला येतात,’ एवढंच. ते तडक गेले. वाचनालयाला बांधून देण्याचं कबूल केलेला वरचा मजलाही त्यांच्याबरोबर गेला. पायरीवर जमलेल्या वाचकांनी पाहिलं ते इतकंच — जयसिंगराव उतरताहेत, आणि नागनाथ स्टुलावर चढून नाड्या बांधतोय.

कार्यकारिणीने विचारलं, दार उघडलं कुणी? किल्ल्या दोनच. नागनाथ म्हणाला, ‘माझ्याकडूनच उघडं राहिलं असेल.’ माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही. ‘निष्काळजीपणाबद्दल ताकीद’ — ती नोंद त्याच्या सेवापुस्तकात आहे, माझ्याच हस्ताक्षरात, वळणदार. तुम्हाला वाटेल मला बरं वाटलं असेल. छे. त्यानंतर पाच वर्षं मी त्या माणसाला सहन करू शकलो नाही. कुणी मागितला होता उपकार? पुस्तकं त्याची, वाचक त्याचे, टाळ्या त्याच्या — आणि माझ्या हातून आयुष्यात एकच चूक झाली, तीही त्याने आपल्या नावावर घेतली.

असं पाहू नका. तुम्ही विचारायला आलात, मी अचूक सांगतो. मला दुसरं काही येत नाही. तुमच्या मजकुरातलं तिसरं वाक्य वाचा — ‘नागनाथअण्णांनी उमेदवाराला दारातच अडवले.’ गावभर असंच सांगतात, आणि ते चूक आहे. दारात कुणी अडवलं नाही. उमेदवार आत होता. दार मी उघडलं, नाड्या मी सोडल्या, आणि त्यांच्यासमोर वाचक म्हणून हात पुढे करून मीच उभा होतो. आता ते वाक्य बदलायचं की कक्षाचं नाव, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी लिहायची वेळ झाली. निघा तुम्ही.