उलटी उमटलेली गर्दी

सन्माननीय अध्यक्ष फादर कोस्तेलनिक, व्यासपीठावरचे आपल्या मदत-मंडळाच्या लॉजचे पदाधिकारी, आजच्या मानकरी हॅरिएटबाई पेंडल्टन, आणि मागच्या बाकांवर कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या होलुब्कींचा वास घेत माझं भाषण कधी संपतंय याची वाट बघणाऱ्या पोलाद कारखान्यातल्या भावांनो, बहिणींनो!

मी अ‍ॅना बाब्याक, बोर्डर ठेवणारी, म्हणजे भाडेकरूंना जेवूखाऊ घालून ठेवणारी बाई. मला भाषणाची सवय नाही, ओरडायची आहे. हॅरिएटबाई चित्रं काढायला पिट्सबर्गला आल्या त्या माझ्याच माडीवर उतरल्या. तेव्हापासून घरभर त्यांच्या पत्रे कोरायच्या तेजाबाचा वास आणि त्यावर माझी बडबड, असा आमचा संसार चालला.

पाळी सुटताना कारखान्याच्या गेटवर उभं राहून बाईंनी आमची गर्दी थेट तांब्याच्या पत्र्यावर कोरली. तीच छापून निघाली, तीच आज माझ्यामागे भिंतीवर आहे. आता, छाप उलटा उमटतो. म्हणून कोरणारे आरशात बघून कोरतात. बाईंना गेटवरच्या धक्काबुक्कीत आरसा कुठला? कच्चा छाप पाहून माझ्या स्वयंपाकघरात हसून हसून पुरेवाट झाली. जेवणाचे डबे सगळ्यांच्या भलत्याच हातात! सगळ्यांत पुढे आमचा युराय ह्रिन्को. भट्टीनं भाजलेला त्याचा डावा गाल चित्रात उजवा झालेला. तो म्हणाला, "बाई, एक गाल तरी धड ठेवायचात."

त्याच हिवाळ्यात भट्टीनं युरायला नेलं. मग शहरातून चित्रांचा व्यापारी आला. सगळ्या प्रती घेतो म्हणाला, फक्त पुढचा तो भाजका माणूस घासून काढा, दिवाणखान्यात बरा दिसत नाही. तांब्यावरून माणूस पुसायला कितीसा वेळ लागतो? आणि बाईंच्या बुटांत तेव्हा पुठ्ठा घातलेला होता, मी पाहिलाय. बाई एवढंच म्हणाल्या, "तो गेटवर उभा होता. तो चित्रातही उभा राहील." व्यापारी हात हलवत गेला. खरं सांगते, माझा ऊर अभिमानानं भरून आला.

बाईंनी पहिली प्रत युरायच्या बायकोला, आपल्या झुझानाला नेऊन दिली. तिच्याकडे नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हा माझा नव्हे." बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. झुझाना उठली, भिंतीवरचा आरसा काढून आणला आणि चित्रासमोर धरला. आरशात युराय सुलटा उभा होता. तिनं काचेवर त्याच्या डाव्या गालाला बोट लावलं आणि तेव्हा कुठे रडली. आजही तिच्या घरी चित्रासमोर आरसा टांगलेला आहे.

हॅरिएटबाई, आता तुम्ही फिलाडेल्फियाला शिकवायला निघालात. वस्तीनं मिळून तुमच्यासाठी एक हातातला आरसा घेतलाय. आपण सगळे इतका वेळ बसलात, उपकार झाले. माझ्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं असेल तर होलुब्कींबरोबर गिळून टाका. झुझाना, ये गं, तुझ्या हातानं दे. आणि बाई, पुढच्या वेळी आमची माणसं सुलटी काढा. पण काढा सगळी.