कंपनीला पाटी नाही

...नाही नाही, बसा हो, बाकडं काय माझ्या बापाचं नाही. फक्त जरा तिकडे सरका, मला समोरचा गाळा दिसला पाहिजे. तोच, निळं शटर. रोबोट बनवतात म्हणे तिथे! पाटी आहे का? नाही. आपल्या लालबागमध्ये वडापावच्या गाडीलासुद्धा पाटी असते — आणि ह्या कंपनीला नाही. माझी लेक आरोही जाते तिथे, इंजिनिअरिंगला आहे, इंटर्नशिप करते. काय करतेस गं दिवसभर, विचारलं — तर म्हणे, लोखंडी हाताला ग्लास उचलायला शिकवते. घरी स्वतःचं ताट उचलत नाही, आणि तिथे हाताला शिकवते! तुम्ही हसताय, पण मला रात्र रात्र झोप नाही. आजकाल काय काय चालतं — पोरांना राबवतात, नोकरी देतो म्हणतात, आणि एक दिवस शटर बंद. मग? आमच्या घरातली पहिली इंजिनिअर होणार हो ती. म्हणून आज हाफ डे टाकला आणि येऊन बसले. तिला माहीत नाही. कळलं तर खाईल मला.

घाबरू नका काय? मघापासून बघतेय — आत जाणारे सगळे चपला बाहेर काढतात. कंपनी आहे की देऊळ? धुळीने मशीन बिघडतं? असेल बाबा, तुम्हाला बरं माहीत! पण खरी गोम वेगळीच आहे. सांगू? कोणाला बोलू नका हां. हिला मॅथ्समध्ये केटी लागलीय — नापास झालीय त्यात. आणि ह्यांची अट काय, तर सगळे विषय सुटलेले पाहिजेत. हिने ठोकून दिलं, ऑल क्लिअर. आणि घेतलं की ह्यांनी! मार्कशीट बघितली नाही, काही नाही. तुम्हीच सांगा, खरी कंपनी असती तर बघितली नसती? पोरगी हुशार आहे हो. त्या हाताचं तर वेडच लागलंय, जेवताना स्वतःच्याच बोटांकडे बघत बसते. हे फसवे निघाले तर मोडून जाईल ती... तुम्ही शटरकडे काय बघताय?

आली, आली बघा! कुठे लपू आता — अगं बाई, बघितलं तिने. हात करतेय. मला नाही... तुम्हाला? 'सर' म्हणाली ना ती? म्हणजे... कंपनी तुमची?

अहो... ते केटीचं ना — ते शेजारच्या मुलीचं, मधुराचं. आमची नाही, आमची सगळ्यात पास आहे. उठताय कुठे, सर, चहा तरी... आरोही, अशी काय बघतेस? मी काही बोलले नाही गं. विचार ह्यांना. सर, सांगा ना तिला.