थांबलेली पाती

नाकुरूच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मुगो बसला होता, हाताला रक्ताळलेला टॉवेल गुंडाळून. त्याची बायको न्योकाबी अख्ख्या रांगेला त्याच्याविरुद्धची तक्रार तिखटमीठ लावून ऐकवत होती.

"आधी मला ढकललं, माझं कोपर सोललं. मग स्वतः जुन्या मॉरिस गाडीच्या इंजिनाच्या पंख्यात बोटं घातली!"

"अगं, ऐक तर."

"थांबलेला पंखा चालू केलात कशाला?"

"थांबला नव्हताच. ठिणगीची वेळ जुळवताना इंजिन चालूच ठेवतात."

"दिवा मीच धरला होता! पाती मोजता येत होती."

"वेळ जुळवायचा तो दिवा इंजिनाच्या तालावर लुकलुकतो. त्यात फिरती पातीही थांबल्यासारखी दिसतात."

"आणि हे माहीत असून हात घातलात?"

"तू चिंधी घेऊन ती पुसायला वाकलीस ना."

"म्हणजे... तो धक्का..."

"कोपर अजून दुखतंय का?"