दुसेतनं मला पोटचा मानलं

परत? अहो, तोंडातला घास तरी गिळू द्या! गावजेवणाला बसलो की कुणीतरी ओरडतंच, "बाप्तिस्तकाका, ते मिठाचं सांगा!" सांगतो. हसा. माझा खांदा बधिर आहे, आता बाकीचाही झालोय.

तर माझा जावई, गास्पार. शहरातला. आमच्या तांबड्या गायीला, दुसेतला, बघून म्हणतो कसा, "सासरेबुवा, मांस कुठंय हिच्यावर?" अरे, तिची कंबर बघ की! रुंद आहे म्हणून वेताला माणूस लागत नाही, एकटीच रानात जाते, विते, आणि चाटून-पुसून चकचकीत केलेलं वासरू घेऊन घरी येते! पण नाही. यानं पांढरा वळू आणला. त्याच्या जातीची एक पांढरी गायही आणली, ढुंगण म्हणजे चर्चचा दरवाजा!

आणि तो वळू सोडला आमच्या दुसेतवर.

वसंतात दुसेत अडली. आयुष्यात पहिल्यांदा. वासराचे खांदे कपाटाएवढे, अडकलं. मी ओढतोय, गास्पार मला ओढतोय, आणि सुटलं तेव्हा मी खाली, वासरू माझ्यावर, गर्भाचं सगळं पाणी माझ्या कोटावर... वासराच्या नाकात काडी घातली. पाय धरून उलटं टांगलं. नाहीच श्वास घेतला त्यानं.

बरं, त्याच सकाळी ती पांढरी गायही व्यालेली, आणि वासराला लाथ मारून चरायला निघून गेली! चरायला! म्हटलं, हे पांढरं पिल्लू दुसेतला लावू, नाहीतर मरेल तेही. गास्पारला समजावलं, "हे बघ, आमची गाय वासरू पुढ्यात असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. ते पुढच्या पायाशी बांधायचं, पाठीवर मूठभर मीठ चोळायचं, ती चाटते आणि दूध उतरतं. मी वासरू धरतो, तू मीठ टाक. पाठीवर."

"कळलं, सासरेबुवा. पाठीवर."

मी वाकलो. आणि यानं अख्खी पिशवी पाठीवर ओतली... माझ्या!

दुसेतनं चाटलं. कोट हुंगला. पुन्हा चाटलं. आणि असा हंबरडा फोडला, तुम्हाला सांगतो, धो धो पान्हा! वासरू तुटून पडलं आचळांवर. मी सरकलो की पान्हा चोरते! कोट काढून वासराला घातला, तर कोट हुंगून मलाच शोधत आली. गुरांचा डॉक्टर आला, हसून हसून भिंतीला टेकला. "आई म्हणून चांगली आहे हो!" माझी बायको युलाली मला हात लावायला आली तर गायीनं तिच्यावर शिंगं रोखली. युलाली काय म्हणते? "असू दे, तुला सांभाळायला कुणीतरी मिळालं. आणि आई म्हणून चांगली आहे!" पाद्रीबाबांना सांगितलं, तेही तेच!

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी तिच्या पुढच्या पायाशी उभा. दोरी बांधून! दोरी नसली तर तिला पटत नाही. तिची जीभ म्हणजे कानस, खांद्याची सालटी गेली, आता काही कळतही नाही. वासरू वाचलं, टुणटुणीत झालं, धक्का मारून मला पाडतं. पाडू दे.

मिठाबद्दल गास्पार दर जेवणाला माफी मागतो. सगळ्यांसमोर, हसत. मीठ काय, झटकलं की जातं! वळूबद्दल बोल ना. ती मेलेलं वासरू शोधत होती, आणि तिला मी सापडलो... मी! या वयात, हा असा! आणि तिनं ठेवून घेतलं.

आई म्हणून चांगली आहे हो.

चला, दूध काढायची वेळ झाली, आई वाट बघतेय. बसलाय बघा तिकडे, मान खाली घालून चीज कापतोय. गास्पार.