साहेबाच्या नाण्यावरची बाई

दोहात माझी नोकरी लक्ष्मीपूजनापायी जाणार होती, माहितीये? अठ्ठ्याहत्तर साल. कंपनीत मी सुतार. इंग्रज साहेबानं चांदीचं जुनं रोमन नाणं दिलं, त्याच्या मापाची डबी करायला. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला शिंगातून पैसे ओतणारी बाई. तेवढ्यात दिवाळी आली. खोलीत लक्ष्मीचं नाणं नव्हतं, म्हणून हेच चिंचेनं लख्ख घासलं आणि पुजलं.

दुसऱ्या दिवशी साहेब भडकला. "सतराशे वर्षांचा काळा रंग घालवलास, त्यालाच तर किंमत होती. कोण वाटली ही तुला?"

"लक्ष्मी."

"ही रोमनांची भरभराटीची देवी आहे."

"मग माझं चुकलं कुठं, साहेब? सतराशे वर्षं पारोशी ठेवलीत तुम्ही तिला."

पुढच्या दिवाळीला साहेब स्वतःच डबी घेऊन खोलीवर आला. म्हणाला, "पूजा कर. चिंच नको."