द्वारकाताईंची रुई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे ज्येष्ठ सभासद शत्रुघ्न परुळेकर, प्रमुख पाहुण्या आणि आमच्या इस्पितळाच्या निवृत्त मेट्रन लैलाबाई, समोर जमलेले स्नेहीजन, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण आलो त्या आपल्या द्वारकाताई,

ताईंनी नर्स म्हणून केलेल्या सेवेबद्दल आधीचे वक्ते पुष्कळ बोलले. मी लॅबमध्ये काम करते आणि क्वार्टर्समध्ये त्यांच्या शेजारी राहते. मी त्यांच्या खिडकीखालच्या रुईबद्दल बोलणार आहे. निरोपाच्या भाषणात रुई कशाला, असं वाटेल. पण ताई इतकी वर्षं कुवेतमध्ये का राहिल्या, ते मला तिच्याशिवाय सांगता येत नाही.

ती रुई ताईंच्या यजमानांनी लावली. हरिश्चंद्रभाऊ शुवैखला सुतारकाम करायचे. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ हवीच, म्हणून कुठल्याशा रस्त्याकडेचं रोप त्यांनी उपटून आणलं. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य आलं. भाऊंनी ताईंना मायदेशी निघालेल्यांच्या बसमध्ये बसवलं आणि म्हणाले, "तू फुडे हो. मी कामाची हत्यारां घेवन येतंय." त्यानंतर ते कुणालाच दिसले नाहीत.

युद्ध संपल्यावर ताई कुवेतला परत आल्या. नोकरीसाठी, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. क्वार्टर्सच्या भिंतींवर पेटवलेल्या तेलविहिरींची काजळी होती आणि रुईचा जळका बुंधा तेवढा उरला होता. त्याला फुटवा आला होता. ताई ती पानं ओल्या फडक्यानं पुसायच्या. पुढे चांगली जागा मिळत होती, ती त्यांनी घेतली नाही. भाऊ आले तर त्यांना ठाऊक असलेलं घर हेच होतं.

शनिवारची आरती ताईंच्या खोलीत पुन्हा सुरू झाली. आणि मग एका शनिवारी आपल्या मंडळातल्या सुदेशनी ती प्रसिद्ध माळ केली. सुदेश, मान खाली घालू नका, सगळ्यांना माहीत आहे! गॅरेजमधून घाईत आले, पानं तोडली, उलटून न बघताच ओवली आणि फोटोला घातली. पानांच्या मागे अंडी होती. दोन-चार दिवसांनी सुदेश ओरडतायत, "वैनी, मारुतीच्या माळेक पाय फुटले!"

काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या इवल्या अळ्या माळेवर चालत होत्या. सुदेश माळ फेकायला निघाले.

"टाकू नको रे मेल्या," ताई म्हणाल्या. "देवाच्या गळ्यात जन्माक इली ती."

"अगो वैनी, पण देव विटाळलो ना!"

"देवाचा काय ता देव बघून घेईत. तू ताजी पानां घेवन ये."

रोज नवी पानं घालून त्या अळ्या वाढवल्या. एकीने फोटोच्या चौकटीलाच कोष केला. त्यातून केशरी फुलपाखरू निघालं आणि पंख वाळेपर्यंत मारुतीच्या गदेपाशी बसून राहिलं. ताई त्या दिवशी ड्यूटीवर उशिरा पोचल्या.

तेव्हापासून पान उलटून पाहिल्याशिवाय तोडायचं नाही, असा आमचा नेम झाला. माळ आखूड झाली. पुढे फवारणीवाले आले, तेव्हा ताई लैलाबाईंकडे गेल्या.

"सिस्टर, एका झुडपासाठी?" लैलाबाईंनी इंग्रजीत विचारलं.

"मॅडम, ते माझ्या नवऱ्यानं लावलंय. तो अजून यायचाय."

लैलाबाईंच्या भावाला त्याच साली इराकी सैनिकांनी उचलून नेलं होतं; तोही परतला नव्हता. त्यांनी तिथूनच फोन लावला. फवारणी थांबली.

आता क्वार्टर्स पाडणार आहेत. लैलाबाईंनी खैरानला समुद्रकाठी असलेल्या आपल्या सुट्टीच्या घराच्या आवारात रुईसाठी जागा देऊ केली, आणि रुईचं बी आम्ही तिथे पेरलं. रोपं तरारली. तरी ताई गावी जायचं नाव घेईनात. मी त्यांना अमेरिकेतल्या मोनार्कबद्दल सांगत असे. आपल्या रुईवरच्या फुलपाखरांचा तो भाऊबंदच. हजारो मैल लांब जातो आणि पुढच्या साली त्याच रानात फुलपाखरं परत येतात.

"तीच?" ताईंनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं मला. पण म्हटलं, "नाही ताई. गेलेली वाटेतच संपतात. येतात ती त्यांची पणतवंडं."

"आणि त्यांका वाट कोण सांगता?"

"ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही."

ताई उठून खिडकीशी गेल्या. मला वाटलं, मी फार वाईट केलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे झाड राखूचा, पण तेच्याखाली बसान रवाचा नाय."

मित्रहो, भाऊंचं काय झालं, हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. ताईंनाही नाही. तेव्हा त्यांचं सांत्वन करू नका. "सुटलात एकदाच्या" असंही म्हणू नका. सुटण्यासारखं त्यात काही नाही.

आज सकाळी मी त्यांच्या बॅगा खाली आणल्या. क्वार्टर्सचे वॉचमन यूसुफभाई पुढे आले. त्यांनी हिंदीत विचारलं, "सिस्टर, पीछे से कोई पूछने आया तो क्या बोलूँ?"

ताईंनी त्या खिडकीकडे एकदा पाहिलं. म्हणाल्या, "बोलना, द्वारका घर गई। और उसको बोलना, वो भी सीधा घर आए।"

एवढंच मला सांगायचं होतं. मंडळाने मला बोलू दिलं, लैलाबाई भाषा कळत नसतानाही शेवटपर्यंत बसल्या, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोलून गेले असेन, तर आपण उदार मनानं पोटात घालावं. ताई, सांभाळून जा.